आधी छप्पर, मग भिंती

पुठ्ठ्याचं घर करायचं म्हटलं की हात आपसूक भिंतींकडे जातो. चार भिंती कापायच्या, त्यांत दार-खिडक्यांची भोकं पाडायची, कोपरे चिकटवायचे आणि सगळ्यात शेवटी मध्ये दुमडलेलं छप्पर वर ठेवून द्यायचं. मुलं चित्रातही घर याच क्रमानं काढतात. जुन्या जपानी घराचं मॉडेल मात्र या क्रमानं होत नाही. तिथे आधी दगड, दगडांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर छप्पर. आणि भिंती असल्याच तर अगदी शेवटी, उरलेल्या जागा भरण्यापुरत्या. हे मला लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे नीट उमगलं. जपानी घरांबद्दल आपण जे वाचतो ते बहुधा कागदी दारं, चटया आणि साधेपणा यांच्यापाशीच थांबतं. छपराबद्दल फारसं कोणी बोलत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहावंसं वाटतं.

आम्ही टोक्योत निशी-कासाईला राहतो. इथे रस्त्यात मराठी कानावर पडलं तरी कोणी मागे वळून बघत नाही, इतके आपण आहोत. लेक जपानी सरकारी प्राथमिक शाळेत पाचवीला आहे. इथल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास लागते आणि त्या सुट्टीत मुलांनी ‘जियू केंक्यू’ करायचं असतं. विषय आपला आपण निवडायचा, त्याचा शोध घ्यायचा आणि शाळा उघडली की केलेलं काम वर्गात मांडायचं. कोणी मिठाचे खडे वाढवतं, कोणी भुंगेरे पाळून त्यांची वही ठेवतं. आमच्या लेकीनं ‘मिंका’ निवडलं. मिंका म्हणजे सामान्य माणसांची जुनी घरं: शेतकऱ्यांची, कोळ्यांची, दुकानदारांची. सामुराई सरदारांचे वाडे आणि देवळं त्यात येत नाहीत. तिला हवं होतं ते मिंकांमधलं सगळ्यात उंच छपराचं, शिराकावा-गोचं घर. हिवाळ्यात आम्ही तिथे जाऊन आलो होतो आणि ते छप्पर तिच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं.

वाचनालयातून पुस्तकं आणली, छायाचित्रं जमवली. बर्फात बुडालेलं गाव, संध्याकाळचे पिवळे दिवे, मागे काळे डोंगर. फोटो सुंदरच असतात, पण मॉडेल करायला बसलं की त्यांचा उपयोग शून्य. घर दिसतं कसं हे ते सांगतात, उभं कसं आहे हे सांगत नाहीत. हे ज्यांनी पहिल्यांदा बोलून दाखवलं ते माझे बाबा. ते रत्नागिरी जिल्ह्यात राहतात आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर नातीच्या सगळ्या कामांचा हिशेब घेतात. तिनं मोठ्या हौसेनं फोटो दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, बघितलं आणि म्हणाले, “छान आहे गं. पण वासे कशावर टेकलेत ते दाखव ना.”

“आजोबा, ते आत असणार. फोटोत नाही दिसत.”

“मग आतलं बघ आधी. बाहेरचं काय, गवतच आहे.”

बाबांचं लहानपण गवती छपराखाली गेलं. घरावर कौलं नंतर आली. पावसाळा तोंडावर आला की शाकारणी, आणि शाकारणीला शेजारपाजारचे चार हात, हे त्यांनी स्वतः केलेलं आहे. त्यामुळे जपानमधलं असलं तरी गवताचं छप्पर त्यांना परकं नव्हतं. पुढच्या सगळ्या कामाला त्यांच्या त्या एका प्रश्नानं दिशा दिली. प्रत्येक तुकड्याबद्दल लेक हेच विचारायला लागली: हे कशावर टेकतं?

शिराकावा-गो गिफू प्रांतात, शोगावा नदीच्या खोऱ्यात आहे. त्याच नदीनं खाली उत्तरेकडे गेलं की तोयामा प्रांतातलं गोकायामा लागतं. शिराकावा-गोमधलं ओगिमाची आणि गोकायामातली आइनोकुरा व सुगानुमा अशा तीन वस्त्या १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. इथल्या घरांच्या बांधणीला गाश्शो-झुकुरी म्हणतात. छपराची दोन पाखी जोडलेल्या हातांसारखी उभी असतात, सुमारे ६० अंशांच्या चढानं. हिवाळ्यात इथे माणूस बुडेल एवढं बर्फ साठतं. सपाट पाख्यावर ते तसंच बसून राहिलं तर घर दबतं. इतक्या उभ्या पाख्यावरून ते बरंचसं आपल्या वजनानं खाली येतं. ओगिमाचीची घरं बघितली तर जवळजवळ सगळ्यांची आढी एकाच दिशेला, दरीच्या रेषेत उत्तर-दक्षिण दिसतात. त्यामुळे एक पाखं सकाळी उन्हात आणि दुसरं दुपारनंतर, आणि दोन्ही वाळतात. दरीतून घोंघावत येणारा वारा पाख्यांवर न आदळता घराच्या अरुंद त्रिकोणी बाजूला लागतो. गावाच्या फोटोत घरं ओळीनं मांडल्यासारखी सुंदर दिसतात, त्यामागे हे आहे.

आता बाबांचा प्रश्न. छपराचे मुख्य वासे जाड लाकडाचे, वर एकमेकांवर फुली पडेल असे बांधलेले. खाली मात्र ते तुळईला ठोकलेले नसतात. प्रत्येक वाशाचं खालचं टोक भोवऱ्याच्या टोकासारखं तासलेलं असतं आणि तुळईच्या शेवटाला खोदलेल्या खळग्यात ते नुसतं बसवलेलं असतं. खिळा नाही, पाचर नाही. वाऱ्यानं किंवा भूकंपानं छप्पर हललं की ते टोक खळग्यातल्या खळग्यात किंचित फिरतं आणि परत जागेवर येतं. घट्ट जखडलं असतं तर नेमकं तिथेच मोडलं असतं. लेकीनं हे आकृतीत बघितलं आणि तिचा विश्वास बसेना. एवढं मोठं छप्पर, आणि खाली फक्त टेकलेलं? मग आम्ही दोन बांबूच्या काड्या पेन्सिलीच्या शार्पनरमध्ये घालून टोकदार केल्या, वर दोऱ्यानं फुली बांधली आणि लाकडी पट्टीत केलेल्या दोन खळग्यांत उभ्या केल्या. वरून जेवढं दाबावं तेवढी टोकं खळग्यात घट्ट बसत होती. छपराचं वजनच छपराला जागेवर ठेवतं.

वरचं सगळं दोरांनी आणि ‘नेसो’नं बांधलेलं असतं. नेसो म्हणजे एका डोंगरी झुडपाची कोवळी, लवचिक खोडं. ती ओली असताना पिळून, ठेचून मऊ करायची आणि लाकडांभोवती आवळायची. वाळली की ती आणखी आवळतात आणि तशीच कडक होऊन बसतात. तुळयांमध्येही एक गंमत आहे. डोंगरउतारावरची झाडं कोवळी असताना बर्फाच्या भारानं बुंध्याशी वाकतात आणि मग सरळ वर वाढतात. अशी बुंध्याशी वाकडी असलेली खोडं इथल्या लोकांनी टाकून दिली नाहीत. तो बाक जिथे हवा तिथे तुळई म्हणून मुद्दाम वापरला. ज्या बर्फाविरुद्ध घर उभं करायचं, त्याच बर्फानं वाकवलेलं लाकूड त्याच्या छपराखाली आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. या घराचे दोन कर्ते असत. खालचा भाग, म्हणजे खांब, मुख्य तुळया, खोबण आणि कुसू (खाच आणि तिच्यात बसणारं टोक) यांचे अचूक सांधे, हे काम सुतारांचं. शिराकावा-गो जुन्या हिदा प्रांतात येतं, आणि हिदाच्या सुतारांचं नाव फार जुनं आहे. आठव्या शतकातल्या कायद्यात या प्रांताला काही कर माफ होते आणि त्याबदल्यात प्रत्येक ५० घरांच्या गावामागे १० कारागीर राजधानीला पाठवायचे होते. करात कापड वगैरे देण्याऐवजी सुतार देणारा प्रांत! पण तुळयांच्या वरचं छप्पर सुतार करत नसत. ते गाव करत असे. वासे चढवणं, बांधणं, शाकारणं ही गावकऱ्यांची कामं, आणि या परस्परांच्या श्रमाला ‘युई’ म्हणतात. आज तुमच्या छपरावर मी, उद्या माझ्यावर तुम्ही. कोणी किती गवत आणलं, किती दोर दिले, किती दिवस काम केलं याच्या वह्या असत, आणि देणं पिढ्यांनंतरही फेडलं जाई. एक पाखं बदलायचं तर शंभराहून जास्त माणसं चढतात आणि काम एक-दोन दिवसांत उरकतं. घाई करावीच लागते, कारण उघडं पडलेलं घर पावसात भिजू द्यायचं नसतं. एकदा शाकारलेलं पाखं साधारण ३०-४० वर्षं टिकतं. म्हणजे एका माणसाला आपल्या घराचं छप्पर आयुष्यात एकदा, फार तर दोनदा बदलायचं असतं. इतरांच्या छपरांवर मात्र तो जन्मभर चढतो. खाली एका माणसाचं कौशल्य आणि वर सगळ्या गावाचे हात, अशी वाटणी एकाच इमारतीत इतकी स्वच्छ मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मापांकडे वळलो तेव्हा एक सुरेख गोष्ट हाती लागली. जुनं जपानी माप ‘शाकू’, म्हणजे ३०.३ सेंटिमीटर. सहा शाकूंचा एक ‘केन’. तातामीची चटई साधारण एक केन लांब आणि अर्धा केन रुंद. खोलीही चटयांवर मोजतात: साडेचार चटयांची, सहा चटयांची, आठ चटयांची. आता १/३० चं प्रमाण घ्या. एक शाकू म्हणजे मॉडेलवर जवळजवळ बरोबर एक सेंटिमीटर. एक चटई म्हणजे ६ बाय ३ सेंटिमीटर. शाळेच्या चौकटीच्या कागदावर सगळं घर आपोआप बसतं. गुणाकार नाही, कॅलक्युलेटर नाही. शाकूचा दहावा भाग म्हणजे एक ‘सुन’. चार ‘सुन’चा, म्हणजे सुमारे १२ सेंटिमीटरचा खांब चार मिलिमीटरचा होतो, आणि जेवणाच्या एकदा वापरायच्या लाकडी काड्या थोड्या घासल्या की तेवढ्याच होतात. जुने सुतार एका फळीवर घराचा आराखडा असाच चौकटी पाडून काढत. एका बाजूला अंक, दुसऱ्या बाजूला ‘इ-रो-हा’ ही जुनी अक्षरमाला. प्रत्येक खांबाचं नाव म्हणजे एक अक्षर आणि एक अंक. तीच खूण खांबावर शाईनं घातलेली असे. लेकीनंही प्रत्येक काडीच्या टोकाला अशी खूण घातली, फक्त अक्षरं तिनं क-ख-ग घेतली. तिच्या वर्गात ते कोणालाच वाचता येणार नव्हतं याचा तिला फार आनंद.

क्योतोकडची चटई टोक्योकडच्या चटईपेक्षा मोठी असते, हेही याच शोधात कळलं. पश्चिमेकडची सुमारे १९१ सेंटिमीटर लांब, टोक्योकडची सुमारे १७६. म्हणजे ‘सहा चटयांची खोली’ दोन्ही शहरांत सारखी नाही. इथे घर भाड्यानं घेताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

पूर्ण गाश्शो घर १/३० नं केलं असतं तर ते आमच्या जेवणाच्या टेबलावर मावलं नसतं. म्हणून तिनं घराचा एक छेद करायचं ठरवलं: वाशांच्या मोजक्या जोड्यांएवढा मधला तुकडा, दोन्ही टोकांना उघडा, म्हणजे आतलं सगळं दिसेल. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला. उघडं ठेवल्यामुळे माळे दिसणार होते, आणि या घराचं खरं आयुष्य माळ्यांवर होतं.

खाली माणसं राहत, वर रेशमाचे किडे. त्या प्रचंड छपराच्या पोटात दोन, तीन, कुठे चार माळे असतात आणि तिथे रेशीमकिड्यांच्या तबकांची दाटी असे. माळ्यांची जमीन फटी ठेवून घातलेली, म्हणजे खालच्या चुलीची ऊब वर जाईल. त्रिकोणी बाजूंच्या खिडक्या उजेड आणि हवा देत. डोंगरात भातशेतीला जागा अपुरी, तेव्हा रेशीम हीच कमाई. आणि जमिनीखाली आणखी एक उद्योग चाले. चुलीजवळ जमिनीखाली खड्डे करून त्यांत माती, झाडपाला, रेशीमकिड्यांची विष्ठा यांचे थर घालून काही वर्षं कुजवत आणि त्यातून सोरा काढत. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक. गोकायामातला हा सोरा कागा संस्थानाला जाई. बाहेरच्या जगापासून तुटलेलं, बर्फात अडकलेलं हे खोरं याच कामाला सोयीचं होतं. फोटोतल्या त्या शांत घरांच्या जमिनीखाली दारूगोळ्याचा कच्चा माल तयार होत होता, हे कळल्यावर लेकीचा बाबा एकदम या प्रोजेक्टमध्ये रस घ्यायला लागला. आयात सोरा आला तसा हा धंदा बसला. रेशीमही पुढे गेलं.

आत कसं असतं हे बघायला पुन्हा इतक्या लांब जाण्याची गरज नव्हती. टोक्योच्या शेजारी कावासाकीमध्ये ‘निहोन मिंका-एन’ आहे, जुन्या घरांचं उघड्यावरचं संग्रहालय, १९६७ मध्ये सुरू झालेलं. ठिकठिकाणची घरं उतरवून, तुकड्यांवर खुणा घालून, इथल्या टेकडीवर परत उभी केली आहेत. शिराकावा-गो आणि गोकायामाकडचीही आहेत. एका इमारतीचं असं उतरवणं आणि पुन्हा चढवणं शक्य होतं, कारण ती चिकटवलेली नसते. सांधे उलट क्रमानं सोडवत गेलं की घर लाकडांची रास होतं आणि पुन्हा घर होतं. तिथलं हादानो भागातून आणलेलं कितामुरा कुटुंबाचं घर १६८७ मधलं आहे. लाकडावर शाईनं लिहिलेल्या नोंदीमुळे त्याचं साल पक्कं माहीत आहे. त्याच्या मोठ्या खोलीत काही भागात फळ्यांऐवजी बांबूच्या कामट्यांची जमीन आहे. लेक तिच्यावर बराच वेळ हात फिरवत बसली होती. दुसऱ्या एका घराच्या आढ्यावर चक्क आयरिसची रोपं लावलेली आहेत. छपराचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे आढं; तिथे माती घालून रोपं लावली की मुळं मातीला धरून ठेवतात.

आणि तिथे चुली पेटवलेल्या असतात. ‘इरोरी’ म्हणजे जमिनीतच केलेली चौकोनी चूल, वरून लोंबणाऱ्या आकड्याला किटली. स्वयंसेवक रोज कुठल्या ना कुठल्या घरात ती पेटवतात. आम्ही गेलो तेव्हा भर उन्हाळा होता आणि तरीही ती पेटलेली होती. लेकीनं तिथल्या वयस्कर काकांना विचारलं, इतक्या उकाड्यात का? त्यांनी वर बोट दाखवलं. वरचं सगळं लाकूड, बांबू आणि दोर काजळीनं काळेभोर चमकत होते. धूर छपरातून हळूहळू झिरपत बाहेर जातो, गवत कोरडं ठेवतो, कीड लागू देत नाही, दोरांवर काजळीचा थर चढवतो. माणसं राहायची थांबली, चूल विझली, की छप्पर लवकर कुजतं. संग्रहालयात कोणी राहत नाही; म्हणून घरासाठी चूल पेटवायची. घरी येऊन लेकीनं मॉडेलच्या काड्या काळ्या रंगवायला घेतल्या: खाली फिक्या, वर जाताना गडद, आढ्याशी पूर्ण काळ्या. चुलीवर टांगलेली ठिणग्या अडवणारी फळीही तिनं केली. तिला ‘हिआमा’ म्हणतात. गवताच्या घरात उघडी चूल पेटवण्याची हिंमत त्या एका फळीवर आणि घरातल्यांच्या सततच्या लक्षावर अवलंबून आहे. ओगिमाचीत आजही आगीची राखण गावकरी पाळीपाळीनं करतात, आणि गावभर पाण्याचे फवारे बसवलेले आहेत.

बाबांना मी तो काजळी धरलेला फोटो पाठवला. ते म्हणाले, “आता हे घर वाटतंय.”

खांबांच्या पायांचं काम तिनं आणि मी मिळून केलं. जुन्या घरांत खांब जमिनीत पुरत नाहीत. मोठे, वरून जरासे सपाट नैसर्गिक दगड ठेवतात आणि त्यांवर खांब नुसते उभे करतात. दगड तासत नाहीत, खांब तासतात: दगडाचे उंचवटे-खळगे जसेच्या तसे लाकडाच्या तळावर उतरवून घेतात आणि पटाशीनं तेवढंच लाकूड काढतात. नीट केलं तर खांब कोणी न धरता दगडावर उभा राहतो. भूकंपात तो दगडावर थोडा सरकू शकतो, आणि पुष्कळदा ते सरकणंच घराला वाचवतं. १९५० च्या इमारत कायद्यानंतर नव्या घरांत पाया काँक्रीटचा आणि लाकूड त्याला बोल्टनं जखडलेलं असा नियम रूढ झाला, त्यामुळे ही रीत जवळपास जुन्या इमारतींपुरती उरली. नव्या नियमांनी अनेक जीव वाचवले असतील, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शेकडो वर्षं हादरे खाऊन उभी असलेली ही पद्धत ‘पाया नसलेलं घर’ म्हणून एका ओळीत मोडीत निघावी याचं वाईट वाटतं. पाया आहे. तो फक्त घराला धरून ठेवत नाही.

त्याच मापानं तिनं एक वेगळा छोटा कोपराही केला, एंगावाचा. एंगावा म्हणजे खोलीच्या बाहेर, वळचणीखाली असलेली फळ्यांची अरुंद पडवी. शिराकावा-गोपेक्षा मैदानी भागातल्या घरांत ती जास्त खुलते. तिथे आम्ही उन्हाचा प्रयोग केला. टोक्योत उन्हाळ्याच्या सर्वात मोठ्या दिवशी दुपारी बारा वाजता सूर्य सुमारे ७८ अंशांवर असतो, हिवाळ्याच्या सर्वात लहान दिवशी जेमतेम ३१ वर. कोनमापकाला दोरा बांधून त्या रेषेत टॉर्च धरायचा. छप्पर बाहेर तीन सेंटिमीटर, म्हणजे खरंतर तीन शाकू, आणि त्याची कड जमिनीपासून आठ सेंटिमीटर. उन्हाळ्याच्या कोनात दारांचा सगळा भाग सावलीत. उजेड पडवीच्या कडेशीच थांबला. हिवाळ्याच्या कोनात तोच टॉर्च दारांच्या आत दहा सेंटिमीटर गेला, दीड चटईच्याही पुढे. तीन शाकूंची वळचण हे सगळं करते, वीज न लागता, एकही भाग न हलवता. लेकीनं खोली अंधारी करून हा प्रयोग घरात येईल त्याला दाखवला.

छपरापासून सुरुवात करायची म्हटलं तरी एका ठिकाणी आमचा हा सिद्धांत अडला, आणि ते ठिकाण म्हणजे चहाची खोली. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, चहाच्या खोल्यांचे कागदी नमुने करत, त्यांना ‘ओकोशी-एझू’ म्हणतात. मधल्या कागदावर खोलीचा आराखडा, त्याच्या चारही कडांना भिंतींचे कागद चिकटवलेले, त्यांवर खिडक्या, कोनाडे, मापं लिहिलेली. सपाट ठेवलं तर घडीचा कागद. भिंती उभ्या केल्या की खोली. सुतार आणि चहाचे गुरू हेच जवळ बाळगत, एकमेकांकडे पाठवत. म्हणजे शाळकरी पोरांच्या आधी काही शतकं मोठी माणसं कागदाची घरं करत होती! आणि तिथे मात्र सगळं लक्ष भिंतींवर. क्योतोजवळच्या यामाझाकीची ‘ताइआन’ ही सोळाव्या शतकातली खोली सेन नो रिक्यू या चहागुरूशी जोडली जाते. ती अवघ्या दोन चटयांची आहे. तिच्या मातीच्या भिंतींत कुठली खिडकी किती उंचीवर, उजेड कुठून येणार, यावरच सारं अवलंबून. आत शिरायला गुडघ्यांवर वाकावं लागतं. शेतकऱ्याच्या घरात भिंत हवी तेव्हा काढता येते. चहाच्या खोलीत तीच सर्वस्व. लेकीनं ताइआनची घडीची प्रतही केली, एका दुपारी. मोठं मॉडेल सोडून हेच का करू नये, असाही एक विचार तिच्या मनात येऊन गेला होता.

मॉडेलच्या भिंती मात्र ठरल्याप्रमाणे शेवटी आल्या. काही ठिकाणी बांबूच्या जाळीवर लिंपलेली माती, ती आम्ही बागेतल्या चिखलात वाळलेल्या गवताचे तुकडे मिसळून केली. बाकी सरकती दारं: लाकडी चौकटीला पांढरा कागद लावलेली शोजी आणि दोन्ही बाजूंनी कागद लावलेली जाड फुसुमा. फुसुमा काढून ठेवली की चार खोल्यांची एक होते. लग्न असो, मयत असो, घरात गाव मावतं. हे शक्य होतं, कारण त्या दारांवर वरचं वजन नाही. सगळं वजन खांबांनी घेतलेलं आहे.

गवतासाठी तागाची सुतळी उलगडून तिचे तंतू घेतले. खरं छप्पर ‘काया’चं, बहुतेक सुसुकी नावाच्या उंच गवताचं. त्यासाठी राखीव कुरणं लागतात आणि कुरणं टिकली नाहीत तर छपरं टिकत नाहीत. २०२० मध्ये युनेस्कोनं जपानी लाकडी वास्तूंच्या जतनाची पारंपरिक कौशल्यं आपल्या यादीत घेतली तेव्हा शाकारणीबरोबर गवत कापण्याचं कामही त्यात धरलं गेलं, हे मला योग्य वाटलं.

शिराकावा-गोची ही घरं उरली ती काही आपोआप नाही. या खोऱ्यातली पुष्कळ वस्ती १९६१ च्या मिबोरो धरणात गेली. कित्येक घरं विकली गेली, उतरवून शहरांकडे नेली. १९७१ मध्ये ओगिमाचीच्या लोकांनी एकत्र येऊन ठरवलं: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. सरकारी संरक्षण त्यानंतर, १९७६ मध्ये आलं. लेकीच्या तक्त्यावर मला मापांइतकीच ही तीन वाक्यंही हवी होती. तिनं ती सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहिली.

सप्टेंबरमध्ये वर्गात मांडलं तेव्हा मुलांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे छप्पर उचलून बघणं. वासे खळग्यांतून सुटले, आणि पुन्हा बसवताही आले. प्रत्येकाला ते करून बघायचं होतं. एका मुलानं सांगितलं की त्याच्या आजीच्या घरी अजून चूल पेटवतात. बाईंनी शेरा लिहिला तो वाशांच्या टोकांबद्दल. त्याचा फोटो बाबांकडे गेला. त्यांना तो मी वाचून दाखवला.

पुढच्या सुट्टीसाठी आता क्योतोच्या व्यापारी घराचं चाललंय. दर्शनी भाग अरुंद, आत लांबच लांब, मध्ये दोन हात जागेची बाग, एका कडेनं स्वयंपाकाची मातीची वाट आणि तिच्यावर थेट छपरापर्यंत उघडी पोकळी, धूर आणि उजेडासाठी. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं अगदी टेकून. अशा घराचं मॉडेल कुठून सुरू करायचं? लेक म्हणते छपरापासूनच. बाबा म्हणतात, शेजारी लागून असेल तर आधी कडेचा सांगाडा उभा करायला हवा, नाहीतर नंतर हात कुठून घालणार? मला दोघांचंही पटतं. रविवारी दोघांचा वाद कॉलवर पुढे चालू होतो, आणि दोघांनीही आपापल्या बाजूनं आकृत्या काढून ठेवल्या आहेत.